फोर बाय फोर आहे, मग भीती कसली?

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. दोघांनी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही, म्हणून नाताळच्या सुट्टीत डोंगरातल्या लेक टाहो या तळ्याकाठी तीन रात्रींसाठी घर घेतलं आहे. त्याचे पैसे परत मिळणार नाहीत. स्वतःची गाडी लहान, त्यात पाच माणसं आणि सामान मावत नाही, म्हणून नवऱ्याने विमानतळावरून फोर बाय फोर एसयूव्ही भाड्याने ठरवली. कराराचे कागद वाचताना तिला दिसलं, की या गाडीच्या टायरना बर्फाच्या चेन (घसरू नये म्हणून टायरभोवती बांधायच्या साखळ्या) लावायला मनाई आहे. रस्त्याचा सरकारी नियम मात्र सांगतो, चेन जवळ हव्यात. ऑफिसातला सहकारी म्हणतो, ‘डिकीत टाकून ठेव, कोण बघतंय?’ नवरा म्हणतो, ‘फोर बाय फोरला काही लागत नाही.’ सासरे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते म्हणतात, ‘आंबेनळी घाटात तीस वर्षं गाडी घातली, हा काय घाट?’ ती विचारते, ‘घरात भीती वाटणारी मी एकटीच. करार मोडू की कायदा मोडू? की मी उगाच बाऊ करतेय?’

*

तुमच्या पत्रातलं माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की त्या गाडीत बसणाऱ्या पाच जणांपैकी भाड्याचा कागद शेवटपर्यंत वाचलेली व्यक्ती एकच आहे आणि भीतीही तिलाच वाटते आहे. हा योगायोग नाही. तुम्ही बाऊ करत नाही आहात.

पण करार की कायदा हा प्रश्न जरा मागे ठेवू. त्याआधीचा एक प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि तुमच्या घरातही तो कुणी विचारलेला दिसत नाही. या गाडीला टायर कोणते आहेत?

फोर बाय फोर म्हणजे काय, ते आधी बघू. इंजिनाचं बळ चारही चाकांना मिळतं. त्यामुळे गाडी बर्फात जागची हलते, चढ चढते, पुढच्या दोन चाकांवर चालणारी गाडी जिथे चाकं फिरवत बसते तिथून ही निघून जाते. थांबायचं काम मात्र ब्रेकचं, आणि ब्रेक तर साध्यातल्या साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. म्हणजे थांबताना तुमची महागडी एसयूव्ही आणि शेजाऱ्याची जुनी सेदान सारख्याच पायरीवर, उलट एसयूव्ही वजनाने जास्त. वळतानाही तेच. थांबणं आणि वळणं या दोन्ही गोष्टी शेवटी तळहाताएवढ्या चार जागांवर अवलंबून असतात, जिथे रबर रस्त्याला टेकतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात आम्हीही अशीच गाडी भाड्याने घेतली होती. साऊथ लेक टाहोपर्यंत ती इतकी झकास गेली, की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. मग एका उतारावरच्या स्टॉपच्या पाटीपाशी ब्रेक दाबला, चाकं थांबली आणि गाडी पुढे जातच राहिली. वेग ताशी दहा मैलही नसेल. कडेच्या बर्फाच्या ढिगात आम्ही अगदी सावकाश, शांतपणे जाऊन बसलो. कुणाला काही झालं नाही. गाडीत नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. फोर बाय फोरचा धोका मला त्या दिवशी कळला: चढताना ती इतका विश्वास देते, की उतरताना आपण तोच गृहीत धरतो.

आता टायरकडे. विमानतळावर मिळणाऱ्या गाडीला बहुधा बारमाही टायर असतात. त्यांच्या बाजूवर इंग्रजी ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही अक्षरं टायरच्या नक्षीच्या रचनेवरून मिळतात, बर्फावर चालवून बघितल्यावर नव्हे. ज्याची बर्फावर चाचणी झालेली असते त्या टायरवर वेगळं चिन्ह असतं: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाची चांदणी. फरक रबराचाही असतो. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होत जातं, हिवाळी टायरचं मऊ राहतं आणि त्याच्या बारीक बारीक चिरा बर्फाला धरतात. बे एरियातल्या भाड्याच्या गाडीला ते चांदणीचं चिन्ह सापडलं तर नशीब समजा, पण त्यावर बेत आखू नका.

निदान नक्षी किती खोल आहे ते बघता येतं. कॅलिफोर्नियात बर्फाचा टायर म्हणून धरायला एका इंचाचे बत्तीस भाग केले तर त्यातले सहा भाग खोली लागते, म्हणजे जवळजवळ ५ मिलिमीटर. (भारतात टायर बाद धरतात तो १.६ मिलिमीटरला. त्यामुळे ‘अजून बरीच नक्षी आहे की’ हे आपल्या डोळ्यांचं मत इथे कामाचं नाही.) मोजायचं साधन दोन-चार डॉलरला मिळतं. ते नसेल तर २००८ किंवा त्याआधीचं, मागे लिंकन स्मारकाची इमारत असलेलं एक सेंटचं नाणं घ्या आणि इमारत उलटी करून खाचेत घाला. इमारतीचं छत पूर्ण झाकलं गेलं तर सहा भाग आहेत. चारही टायरना बघा, आणि एकाच टायरला दोन-तीन जागी.

हे काम मी तुमच्या सासऱ्यांना देईन. खरंच सांगते. एसटीचा ड्रायव्हर डेपोतून गाडी काढताना टायरला टिचकी मारल्याशिवाय निघत नाही. पार्किंगच्या त्या रांगेत नाणं घेऊन वाकलेले सासरे आणि त्यांच्या मागे नातवंड, हे चित्र तुमच्या घरातला अर्धा वाद मिटवेल असं मला वाटतं. तिथेच आणखी एक तपासा: ही गाडी खरोखर चारही चाकांवर चालणारी आहे का? बुकिंगमध्ये जे मॉडेल दिसतं त्याच्याखाली ‘किंवा तत्सम’ असं लिहिलेलं असतं. दिसायला दणकट, पण फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एसयूव्ही ढिगाने असतात. काउंटरवर स्पष्ट विचारा, पटत नसेल तर दुसरी गाडी मागा, आणि हे सगळं फाटकाबाहेर पडण्याआधी. चारही टायरचे फोटो काढून ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. इथला नियम तीन पायऱ्यांचा आहे आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर तो आर-१, आर-२, आर-३ असा दिसतो. आर-१ला साध्या, म्हणजे दोनच चाकांना इंजिनाचं बळ मिळणाऱ्या गाडीच्या त्या दोन चाकांना चेन किंवा बर्फाचे टायर लागतात. फोर बाय फोरला सूट. आर-२ला साध्या गाडीला चेन लावाव्याच लागतात. फोर बाय फोरला सूट आहे, पण चारही टायर बर्फाचे असले तरच, आणि चेन गाडीत असल्या पाहिजेत. आर-३ला कुणालाच सूट नाही. ती पायरी क्वचितच येते, कारण बहुतेक वेळा त्याआधीच रस्ता बंद होतो.

म्हणजे तुमच्या सहकाऱ्याने सांगितलं ते चुकीच्या कारणासाठी का होईना, अर्धं बरोबर आहे. कायदा तुमच्या गाडीला म्हणतो, चेन जवळ ठेव. करार म्हणतो, चेन लावू नको. ठेवणं आणि लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही लिहिलेल्या वाक्यावरून तुमच्या करारात लावायला मनाई दिसते. तरी कंपनीला ईमेल करून दोन ओळींत विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचा माणूस ‘हो हो, चालेल’ म्हणतो आणि नुकसान झालं की कागद बोलतो. चेन लावल्याने चाकाच्या कमानीला किंवा ब्रेकच्या नळीला धक्का लागला, तर विम्याचं संरक्षण लागू होत नाही असं अनेक करारांत असतं.

तर करार आणि कायदा दोन्ही पाळून तुमची गाडी आर-२पर्यंत जाऊ शकते, टायर पास झाले तर. त्यापुढे नाही. आणि गाडी साधी निघाली तर आर-२लाही नाही. ही मर्यादा निघण्याआधी घरात सगळ्यांसमोर मोठ्याने सांगून टाका, म्हणजे रस्त्यात पाटी दिसल्यावर चर्चा होणार नाही, गाडी वळेल. पण एक गोष्ट मी लपवणार नाही. वाटेत मध्येच हवा बिघडली, मागे फिरायची सोय राहिली नाही आणि रस्त्यावरचा अधिकारी चेन लावा म्हणाला, तर लावा. गाडीचं जे होईल ते नंतर भरून देऊ. सासू-सासरे आणि लेकरू मागे बसलेलं असताना कराराचा कलम क्रमांक आठवत बसायचं नसतं.

चेन घेताना टायरच्या बाजूवरचे आकडे लागतात, २२५/६५ आर १७ अशा धाटणीचे. ते गाडी हातात आल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून गाडी घेतल्यावर लगेच दुकानात जा आणि न उघडलेलं खोकं परत घेतात का, ते विचारून घ्या. डोंगरात, ऐन गर्दीत, मिळेल त्या भावाने घेण्यापेक्षा हे बरं. रस्त्याच्या कडेला पैसे घेऊन चेन लावून देणारी माणसं उभी असतात. त्यांच्याकडे परवान्याचा क्रमांक असलेला बिल्ला असतो; पावती घ्या आणि तिच्यावर तो क्रमांक लिहून ठेवा. ही माणसं चेन विकत नाहीत, फक्त लावतात. चेन लावल्यावर वेगाची मर्यादा ताशी २५ किंवा ३० मैल.

तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण स्वतःची गाडी आणि जोडीला एखादी लहान गाडी असाही विचार करून बघा. स्वतःच्या गाडीला तिच्या पुस्तिकेत चालतील म्हटलेल्या चेन लावायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्या आदल्या रविवारी घरासमोर कोरड्यात दोनदा लावून बघता येतात. पहिल्यांदा अंधारात, ओल्या हातांनी, मागून ट्रक जात असताना चेन लावणं हा संसाराची परीक्षा बघणारा प्रकार आहे. बर्फाचे टायर आणि चेन यांची सोय करून गाडी देणारे मालकही असतात. ते थोडे महाग पडतात, पण आधी विचारलं तर स्पष्ट उत्तर देतात.

मात्र मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न तारखेचा आहे. घराचे पैसे परत मिळणार नाहीत, म्हणून २६ तारखेला निघायचंच, असं तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे. ते पैसे गेले आहेत, ताई. तुम्ही गेलात तरी गेले, नाही गेलात तरी गेले. आता ठरवायचं आहे ते फक्त एवढंच, की त्या दिवशी डोंगरात असायचं का. २०२४च्या मार्चच्या सुरुवातीला इतकं मोठं हिमवादळ आलं, की टाहोच्या वाटेवरच्या डॉनर घाटातला आय-८० हा महामार्गच दोन दिवसांहून जास्त बंद होता. तिथे फोर बाय फोरवाले आणि साधे सगळे सारखेच अडकले. वादळ आहे असं दिसलं तर एक रात्र सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघा. रस्ते खरवडलेले असतात, बऱ्याचदा चेनची सक्तीही उठलेली असते, आणि पाइनच्या झाडांवर ताजा बर्फ, वर निळं आभाळ. सासूबाईंना दाखवायचा बर्फ तो हाच. वादळात खिडकीतून नुसतं पांढरं दिसतं.

दोनशे मैलांचा रस्ता, चांगल्या हवेत चारेक तास. वादळात किती ते कुणीच सांगू शकत नाही. जाताना आय-८० किंवा ५० क्रमांकाचा महामार्ग, एवढेच. फोनमधलं ॲप गर्दी बघून एखादा आडरस्ता सुचवेल. तो घेऊ नका. त्याला गर्दी कळते, बर्फ खरवडला आहे की नाही ते कळेलच असं नाही. आय-८०ने गेलात तर ज्या डॉनर घाटातून तुम्ही जाल त्याला हे नाव १८४६ सालच्या एका तांड्यावरून मिळालं आहे. तेही असाच कुणीतरी सांगितलेला नवा जवळचा रस्ता धरून निघाले, उशिरा पोचले आणि हिवाळाभर बर्फात अडकले. त्यांच्यातले जवळजवळ निम्मे वाचले नाहीत. ही गोष्ट सासऱ्यांना जरूर सांगा. आणि हेही सांगा, की टाहो तळ्याचं पाणीच १,८९७ मीटरवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर.

आता सासऱ्यांच्या अनुभवाबद्दल. तुम्हाला वाटतं तो निरुपयोगी आहे, त्यांना वाटतं तो पुरेसा आहे. माझ्या मते दोघांचंही थोडं चुकतं. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर’ हे घाटातल्या ड्रायव्हरांचं शहाणपण बर्फातही सोन्यासारखं आहे. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून न बसता गाडीचा खालचा गिअर वापरायचा, तोही वेग आधीच कमी करून, हळूच, कारण निसरड्यावर एकदम गिअर पाडला तर चाकं तिथेच सुटतात. पण जुन्या बसमध्ये निसरड्यावर ब्रेक मारत-सोडत, मारत-सोडत जायची सवय असते, ती आताच्या गाडीत नको. आताच्या गाडीत घट्ट दाबून धरायचा. पायाखाली तो थरथरतो, घाबरून सोडायचा नाही. शिवाय ही गाडी डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, करारात त्यांचं नाव नाही, आणि सावलीतल्या वळणावरचा किंवा पुलावरचा न दिसणारा पातळ बर्फ आंबेनळीत भेटत नाही. त्यांना पुढच्या सीटवर बसवा. गाडी कोण चालवणार हे तुम्ही लिहिलंच नाहीत. नवऱ्यापेक्षा तुमचा हात शांत असेल तर तुम्ही चालवा. घाबरलेला माणूस वाईटच चालवतो असं नाही. पुढच्या गाडीपासून अंतर तोच ठेवतो.

आणि चालवायचंच नसेल तर? बे एरियातल्या एमरीव्हिलहून सकाळी शिकागोकडे जाणारी आगगाडी निघते, ती दुपारपर्यंत टाहोजवळच्या ट्रकी गावी सोडते, डॉनरच्याच डोंगरातून. तीही वादळात रखडते, पण रखडली तर तुम्ही चहा पीत खिडकीशी असता. फक्त बर्फात खेळायचंच असेल, तर महामार्गालगत स्नो पार्क नावाच्या पार्किंगच्या जागा आहेत. नोव्हेंबर ते मे त्यांचा परवाना आधी काढावा लागतो. स्वच्छ दिवस बघून सकाळी जायचं, अंधाराआधी परत.

हे पत्र इतरही वाचतील म्हणून दोन शब्द. कोलोराडोत डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्यांनो, आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे असाच नियम असतो, टायरच्या नक्षीची खोलीही तीच, आणि पकडलं तर दंड चालकाला होतो, गाडी भाड्याने देणाऱ्याला नाही. जर्मनीतल्यांना माहीत असेलच, पण नव्याने आलेल्यांसाठी: ऑक्टोबर २०२४पासून तिथे बर्फ असताना नुसती ‘एम’ आणि ‘एस’ अक्षरं चालत नाहीत, डोंगर आणि चांदणीच लागते. आणि पुण्याहून थेट मनालीला स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्या मंडळींनो, आपल्या टायरची त्या बर्फाशी ओळखच नाही. अटल बोगद्याच्या अलीकडेच गाडी लावा आणि पुढे तिथला स्थानिक ड्रायव्हर घ्या.

राहता राहिली तुमची बॅग. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. पांघरुणं, पाणी, टॉर्च, लहान फावडं. अडकून पडलात आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवावं लागलं तर आधी खाली उतरून मागचा धुराचा पाइप बर्फातून मोकळा करा, नाहीतर विषारी वायू आत येतो. हे विसरून चालत नाही. खायला चिवडा-लाडू तुम्ही घ्यालच, ते मी सांगायला नको. फक्त सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत ठेवू नका, पुढच्या कप्प्यात ठेवा. थंडीत डिकीचं दार गोठून बसतं.